हौसाबाई काय म्हणाल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. फाटकाची कडी वाजली की छातीत धस्स होतं. तिला वाटतं, रक्तदाब.

मी बारामतीचा, हायस्कुलातला हिंदीचा निवृत्त शिक्षक. हल्ली गावोगावच्या वाचनालयांत 'माध्यमं आणि लोकमत' यावर बोलतो. शालींनी एक कपाट भरलंय. चॅनेलवाले लोकांच्या तोंडी हवं ते कसं घालतात, हे मी फार रंगवून सांगतो. जवळून पाहिलंय ना—किती जवळून, तेवढं सोडून सगळं सांगतो.

निवडणुकीत दिल्लीच्या एका चॅनेलची पत्रकार आली. तिला आमची मराठी कळेना, म्हणून मी सोबत गेलो. बावड्याच्या पुढं, कालव्याच्या अगदी टेलला, जिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तिथं हौसाबाईंचं रान. माझ्या एका विद्यार्थ्याची आई. कॅमेऱ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "पानी वरच्या वरच मुरतं. हितं टिपूस न्हाय. मतं मागाय या तर खरं, रिकाम्या कळशीनं ओवाळते!"

मनातल्या मनात मी टाळी दिली. मग आठवलं—तिथं मतं मागायला येणार होता, त्याच पुढाऱ्याच्या संस्थेत माझा मुलगा नोकरीला, अजून कायम व्हायचा. आणि चॅनेलला या बाईंकडं कोण घेऊन गेलं, हे कुणी विचारणार नव्हतं?

परतीच्या गाडीत तिनं वही काढली. बाई काय म्हणाल्या? मी सांगितलं—पाणी उशिरा येतं, पण येतं. नेत्यांवर भरवसा आहे. शुद्ध हिंदीत. व्याकरणाची एक चूक नाही.

तेच टीव्हीवर लागलं, हौसाबाईंचा आवाज खाली दाबून. प्रचारसभांत ती क्लिप मोठ्या पडद्यावर दाखवली—बघा, टेलची बाईसुद्धा खूश! गल्लीतल्या बाया त्यांना विचारू लागल्या, "साडी कंच्या रंगाची मिळाली गं?" पाण्यासाठी गावानं मोर्चा काढला, त्यांना बोलावलं नाही.

त्या माझ्या दारी आल्या. "सर, तुमी हुता की तितं. मी आसं म्हनले व्हय?"

"टीव्हीवाले असंच फिरवतात हो."

"मग गावात येऊन येवढंच सांगा."

"येतो," म्हणालो. चहा दिला.

गेलो नाही. मुलगा कायम झाला. पुढं इंदापूरला व्याख्यान होतं; उदाहरण हौसाबाईंचंच दिलं. टाळ्या पडल्या. तिथून त्यांचं गाव लांब नाही. मी शाल पिशवीत घातली आणि बारामतीची एसटी धरली.

परवा त्यांचा मुलगा भेटला. म्हणाला, आई अजून सगळ्यांना सांगती, सर हुते तितं, त्यास्नी इचारा.

अजून कुणी आलेलं नाही. कडी वाजते—दूधवाला असतो.