चौकोनाशेजारचा लंबगोल

आमच्या क्लबला मैदान मिळालं ते मी एका काकांना खोटं बोलले म्हणून, आणि ते हातातून जवळजवळ गेलं तेही त्याच खोट्यामुळे. हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. पण तो शनिवार अजूनही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

मी पूर्व लंडनमध्ये इल्फर्डला राहते आणि युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लंडनला आल्यावर पहिले काही महिने मला कोणी काहीही विचारलं की मी आधी ‘येस’ म्हणायचे आणि मग अर्थ शोधायचे. अशाच एका ‘येस’मुळे मी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये आले. घराजवळच्या पार्कात मॅच चालली होती. धापा टाकत एक बाई माझ्याजवळ आली आणि दोन पांढरे झेंडे माझ्या हातात देऊन म्हणाली, “पाच मिनिटं धरशील? बॉल मधल्या दोन खांबांतून गेला की दोन्ही हलव. बाजूच्यातून गेला की एकच.”

ती आमची कॅप्टन. मेलबर्नची नर्स. त्या पाच मिनिटांना आता दीड वर्ष झालं.

हा खेळ मी घरी फोनवर समजावायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मैदान लंबगोल, बॉलही लंबगोल. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. बॉल हातात घेऊन पळायचं, लाथाडायचा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून झेलायचा. शाळेत मी खो-खो खेळायचे, त्यामुळे वाकून हुलकावणी देणं मला येत होतं. पहिल्यांदा एका धिप्पाड माणसाच्या काखेखालून निसटले, तेव्हा सगळे इतके ओरडले की मी बॉल घेऊन उलट्या दिशेला पळाले.

या वर्षी वसंतात पार्कचं भाडं वाढलं. आमच्याकडे खेळाडू कमी आणि वर्गणी त्याहून कमी. निम्मे लोक व्हिसा संपला की मायदेशी परततात. समोर दोनच रस्ते होते. लंडनबाहेर, बेसिंगस्टोककडच्या एका मोठ्या क्लबात सामील व्हायचं, म्हणजे आमच्या जर्सीचा हिरवा-नारिंगी रंग आणि नाव दोन्ही जाणार. नाहीतर परवडेल असं मैदान महिन्याभरात शोधायचं. ज्याने क्लब सुरू केला तो पांढऱ्या दाढीचा सुतार हे ठरवायला बोलावलेल्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणाला, “दुसऱ्याची जर्सी मी घालणार नाही. मी घरी बसेन.”

मला तेव्हा पश्चिम लंडनमधल्या ईलिंगचे काका आठवले. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात मी वाढायला होते, तिथे ओळख झालेली. हाडांचे डॉक्टर, आता रिटायर. आपल्याकडच्या डॉक्टरांची रविवारची क्रिकेट टीम आहे, तिचं मैदान तेच सांभाळतात. मी भीतभीत फोन केला.

“शनिवारी ग्राउंड रिकामंच असतं गं,” काका म्हणाले. “पण तुमच्या या खेळात गुडघे किती जातात?”

“जास्त नाही, काका.”

“म्हणजे जातात.” ते हसले. मग आवाज बदलला. “बघ हं, मधला स्क्वेअर मी स्वतः राखतो. सगळ्या खेळपट्ट्या तिथेच आहेत. त्यावर एकही बूट पडायचा नाही. पडणार नाही ना?”

मला ठाऊक होतं की आमचा खेळ सुरूच होतो मैदानाच्या बरोबर मध्यावर. अंपायर तिथे बॉल जमिनीवर आपटतो आणि चार-पाच जण त्याच्यावर तुटून पडतात. ‘पडणार’ असं सांगायला हवं होतं. पण वडीलधारं माणूस इतक्या विश्वासाने ‘ना?’ विचारतं, तेव्हा माझी मान आपोआप हलते. फोनवर असले तरी हललीच. “नाही काका,” मी म्हणाले.

त्या शनिवारी ट्रेनमधून आठ खांब, तुकडे सुटे करून, घेऊन आम्ही ईलिंगला गेलो. डब्यातले लोक पाय आखडून घेत होते, कॅप्टन सगळ्यांना सॉरी म्हणत होती, आणि मला मात्र वरातीत निघाल्यासारखं वाटत होतं. मैदान पाहून तर सगळे वेडेच झाले. केवढं मोठं, केवढं हिरवं! सुतार सरळ मध्यापर्यंत चालत गेला, स्क्वेअरभोवती बांधलेल्या दोरीजवळ थांबला आणि म्हणाला, “इथे. सेंटर इथे.”

तेवढ्यात काका पॅव्हिलियनमधून बाहेर आले. त्यांनी सुताराच्या हातातली चुन्याची बाटली पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“काय गं? तू मला काय सांगितलं होतंस?”

सगळे माझ्याकडे बघत होते. कुणालाही मराठी येत नव्हतं, पण काय झालंय ते सगळ्यांना कळलं असावं. मी आधी काकांना मराठीत आणि मग बाकीच्यांना इंग्लिशमध्ये तेच सांगितलं. मी खोटं बोलले, यांना माहीत नव्हतं, आणि यांना स्क्वेअरबद्दल मी काहीच सांगितलं नाही. माझा आवाज इतका बारीक झाला होता की कॅप्टनने “लाऊडर, लव्ह” म्हटलं आणि मला ते पुन्हा सांगावं लागलं.

काका म्हणाले, “मग प्रश्न मिटला. खांब उचला.”

सुतार खरोखरच एक खांब उचलायला वाकला. आणि मला एकदम बाबांचं काम दिसलं. बाबा मांडव घालतात. अंगण वाकडं असो, मधे विहीर असो, ते कधी ‘होणार नाही’ म्हणत नाहीत. दोन खुंट्या ठोकतात, दोरी लावतात आणि मग बघतात.

“काका, दहा मिनिटं द्या,” मी म्हणाले. “नाही जमलं तर मीच खांब उचलते.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. नको म्हणाले नाहीत.

स्क्वेअरच्या पलीकडे झाडांपर्यंत बरीच मोकळी जागा होती. तिथे मी दोन खुंट्या ठोकल्या, त्यांच्याभोवती दोरीचा फास टाकला, आणि सुताराकडची चुन्याची बाटली फासात अडकवून, दोरी ताणून धरत चालत सुटले. चालताना मागे पांढरी रेघ उमटत गेली. लंबगोल झाला! पण एका बाजूने स्क्वेअरवर चढत होता. तिथली रेघ मी आत दाबली, स्क्वेअरच्या दोरीपासून दोन पावलं सोडून. आता तो एका अंगावर झोपून उठलेल्या माणसाच्या गालासारखा चेपलेला दिसत होता.

“हे ओव्हल आहे?” सुतार म्हणाला.

“नऊ-नऊ जणांना पुरेल,” कॅप्टन म्हणाली. “बेसिंगस्टोकचा गोल छान असेल, तिकडे जा तू.”

नव्या मध्यावर जाऊन सुताराने बॉल आपटला. सरळ उसळला. त्याने आणखी एकदा आपटला.

काकांनी रेघ पावलांनी मोजली. मग मला विचारलं, “आता खरं सांग.”

“बॉल जाईलच स्क्वेअरवर, काका. आणायला कोणीतरी जाईल.”

“मग बूट काढून जायचं,” ते म्हणाले. “घरात जाताना काढतो तसे. एकदा जरी बूट दिसला, तर त्याच दिवशी बंद.”

मी भाषांतर केलं. कॅप्टन एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं, पण कबूल सगळ्यांनी केलं.

पुढच्याच शनिवारी पहिली मॅच झाली. काका स्क्वेअरच्या दोरीला खुर्ची लावून बसले होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बॉल रेघेबाहेर गेला, दोन टप्पे खाऊन खेळपट्टीवर जाऊन थांबला. आमचा सुतार सगळ्यांत जवळ होता. तो दोरीपाशी येऊन थबकला. समोरची टीम ओरडत होती, “कम ऑन, मेट!”

तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. गाठ ओली होती, सुटेना. अंपायरने शिट्टी वाजवून वेळ थांबवली. समोरचे नऊच्या नऊ जण कमरेवर हात ठेवून बघत होते, आमचे सगळे किंचाळत होते, आणि त्या दिवशी झेंड्यांवर असलेली मी तर हलवायचं कारण नसतानाही दोन्ही हलवत होते. शेवटी बूट निघाले. त्याच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो तसाच, काकांसमोरून, हळू पावलं टाकत गवतावर गेला, बॉल काखेत घेतला आणि आल्या वाटेने परत आला.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. “वेल डन,” ते म्हणाले, आणि मग मला, “मोजे नवीन घ्यायला सांग त्याला.”