सविताच्या नावापुढं लिहिलेलं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलं न्हाई. तुमाला सांगतो — काहून, ते माझं मलाच कळंना.

कुरुंद्याजवळच्या एका हळद कारखान्यात मी सुपरवायझर. सहा वर्षांमागं मालकांनी एक फॉर्म दिला. कामगाराचं वय, लग्न, लेकरं, गाव — अन् शेवटी, हा माणूस टिकेल का? त्यावरून एकाला कायम करायचं होतं. मी हजेरीपट घेतला अन् अर्ध्या तासात सगळं भरून टाकलं. कुणाकडं मान वर करून पाहिलं तरी का? छट्! वय पाहिलं की माणूस कळतो, असा माझा तोरा.

हळकुंडं निवडायला सविता होती. वीस वर्षांची, त्याच उन्हाळ्यात लग्न झालेली. हात असा चालायचा की पाहत राहावं. तिच्यापुढं मी लिहिलं — नवी नवरी, आखाडात माहेरी जाईल, मग बाळंतपण, टिकणार न्हाई. आपल्याकडं आखाडात नव्या सुना माहेरी जातातच की!

आखाड लागला. सविता रोज हजर. एक खाडा न्हाई. फॉर्म अजून माझ्याच ड्रॉवरात होता — एक ओळ खोडायला कितीसा वेळ लागतो? पण खाडाखोड दिसली तर मालक म्हणतील, ह्याचाच अंदाज चुकला. तसाच दिला. कायम झाला एक पन्नाशीचा, तीन लेकरांचा, 'स्थिर' माणूस. दिवाळीआधीच तो नांदेडला निघून गेला. अन् खरं सांगू? त्याच फॉर्मात स्वतःच्या नावापुढं 'पक्का' लिहिणारा मी — तवा मीही नांदेडला दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज टाकून बसलो होतो.

सविताला कायम व्हायला आणखी तीन वर्षं लागली. एकदा डबा खाताना ती सहज बोलून गेली, की कायम व्हावं म्हणून पहिल्या आखाडात ती माहेरी डोंगरकड्याला गेलीच न्हाई. आई मात्र आठवडाभर एसटीच्या टायमाला फाट्यावर येऊन थांबायची. मी डबा झाकून उठलो. फॉर्मचं तवाही तिला सांगितलं न्हाई. भेकड, दुसरं काय!

आता निवडायचं सगळं काम तिच्याच हाताखाली हाय. काल तोच फॉर्म पुन्हा आला, मी तिच्याकडं दिला. हजेरीपट बाजूला सारून ती बायकांत जाऊन बसली अन् एकेकीला विचारू लागली, "तुला इथं राहायचं हाय का गं?"

इतक्या वर्षांत मी हे एकीलाही विचारलं नव्हतं. पाहून लई बरं वाटलं, अन् लाजही वाटली. तिच्या नावापुढं मी काय लिहिलं होतं, ते उद्या तिला सांगणार हाय. मग ती काय म्हणंल ते म्हणू दे.