येथे गाडी सोडू नये

शेषरावांचं नाक तसं बेताचंच होतं, पण ते कायम मुरडलेलं असल्यामुळे अख्ख्या चेहऱ्यावर तेवढंच दिसे. मलकापुरात राहायला येऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत गावातली एकही गोष्ट त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती. नळावर बायका भांडल्या की त्यांना शिसारी यायची. टुरिंग टॉकीजचा टांगा भोंग्यातून सिनेमाचं नाव ओरडत गेला की शिसारी यायची. जिलबीच्या परातीवरच्या माश्या, पानाच्या पिचकाऱ्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली, विनाकारण ओट्यावर येऊन बसणारी माणसं, या सगळ्यांची त्यांना वेगवेगळी शिसारी होती. आत्ता कोणती आली हे त्यांची बायको रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून नुसत्या खाकरण्यावरून ओळखायची. मध्य प्रदेश होता, मग मुंबई राज्य झालं, मग महाराष्ट्र आला. कचेरीवरची पाटी तीनदा रंगवून झाली. "पाटी बदलली, नाली तीच हाये," असं शेषराव म्हणायचे आणि त्या नालीत थुंकायचे.

पण या सगळ्यांच्या वर एक शिसारी होती, ती बैलगाड्यांची.

शेषराव मूळचे सोनाळ्याचे. शेत भावाच्या हवाली करून ते इकडे आले आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या फाटकावर नोकरीला लागले. हंगामात फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची अर्धा कोस रांग लागायची. शेषराव खाकी डगला घालून, तोंडात शिट्टी धरून, दिवसभर एकच काम करायचे: "पुढं घे बे! मांगं घे बे! तुले आयकू येत नाही काय बे?" बापाच्या वयाच्या माणसालाही बे. सहा दिवस हे केल्यावर सातवा दिवस सुट्टीचा, आणि तोच नेमका बाजाराचा. शेषरावांचं घर बाजाराच्या तोंडावर. पन्नास खेड्यांच्या गाड्या त्या दिवशी गावात शिरायच्या आणि त्यांतल्या निदान चार तरी शेषरावांच्या दारापुढे सुटायच्या. बैलांच्या मानेवरचं जू उतरायचं, बैल चाकाला बांधायचे, पुढ्यात कडबा टाकायचा आणि धनी बाजारात गडप. संध्याकाळपर्यंत दारात शेणाचा चिखल आणि गोमाशांचा गुणगुणाट.

हल्ली मोटारी कुठं लावायच्या यावरून चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात आणि त्याला पार्किंगचा प्रश्न म्हणतात. त्या काळी त्याला नाव नव्हतं, पण प्रश्न होताच, आणि तो शेण टाकत असे.

एका वर्षी शेषरावांनी गेरू कालवला आणि पांढऱ्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: येथे गाडी सोडू नये. पुढच्या बाजारी सकाळीच एक गाडी दारात हजर. बैल जुवाखालीच उभे, आणि गाडीवान वर बसून निवांत बिडी ओढतोय.

"काऊन बे, वाचता येत नाही काय?"

"येते ना भाऊ. सोडू नये म्हन्ते. म्या कुठं सोडली? जुपेलच हाये."

समोर पानाच्या ठेल्यावर बसलेली रिकामटेकडी मंडळी खो खो हसली. दुपारपर्यंत ते बैल तसेच जुवाखाली उभे राहिले, आणि उभ्या बैलांना जे जे करता येतं ते त्यांनी दारात केलं. शेषरावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली: येथे गाडी उभी करू नये. तर पुढच्या बाजारी एक पुंजाजी नावाचा म्हातारा आला, त्यानं बैल सोडले, गाडीची धुरा सरळ शेषरावांच्या ओट्यावर टेकवली आणि म्हणाला, "उभी कोठं हाये, राजेहो? आडवी पाडली ना म्या."

मग तिसरी ओळ आली, चौथी आली. बैल बांधू नये. सायकल टेकवू नये. बसू नये. थुंकू नये. सगळ्यांत शेवटी, हुकमावरून. आता तर गर्दी वाढलीच. ज्याला वाचता येई तो उभा राहून मोठ्यानं वाची, ज्याला येत नसे तो ऐकायला थांबे, आणि "हुकूम कोनाचा?" यावर सायकली भिंतीला टेकवून चर्चा होई. गावाला फुकटचा तमाशा मिळाला होता. शेषरावांना माणसांचा इतका वीट आला की ते बाजाराच्या दिवशी हातात काठी घेऊन ओट्यावरच बसू लागले.

अशात कोकिळेचं स्थळ आलं.

कोकिळा ही शेषरावांची एकुलती मुलगी. सातवी पास, कामाला वाघ, पण उंच. तिच्या उंचीपायी दोन स्थळं परत गेली होती आणि तिसरं नुसतंच परत गेलं होतं, कारणसुद्धा न सांगता. हे चौथं रोहिणखेडचं. भगवानराव म्हणून चांगले खाऊन-पिऊन सुखी शेतकरी, मुलगा अकरावीपर्यंत शिकलेला. मध्यस्थ उत्तमराव, रुक्मिणीबाईचे मावसभाऊ. कोकिळेनं त्या मुलाला कुणाच्या तरी लग्नात ओझरतं पाहिलं होतं. आधीच्या तिन्ही वेळी तिनं खाली मान घालून "तुमची मर्जी" म्हटलं होतं. या वेळी ती नुसती हसली आणि पीठ मळता मळता गुणगुणायला लागली. रुक्मिणीबाईनं ते बरोबर हेरलं. "हे जमलं पाह्यजे," तिनं नवऱ्याला बजावलं. "हे नाही जमलं त पोरगी बोलनार नाही, पन सुकून जाईन."

शेषरावांना सुट्टी एकाच दिवशी, म्हणून पाहुण्यांना बाजाराच्याच दिवशी बोलावणं गेलं. उत्तमराव म्हणाले, "मोटरीनं येतीन. साडेदहाले म्या स्टँडवर उभा राह्यतो आन घेऊनच येतो."

त्या दिवशी शेषराव पहाटेच उठले. पाहुण्यांच्या पायाला शेण लागता कामा नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी दारापुढची जागा स्वतः झाडली, दोन्ही कडेला धोंडे ठेवले आणि धुवट धोतर, टोपी घालून, काठी घेऊन ओट्यावर पहारा मांडला. आठ वाजेपर्यंत सहा गाड्या हाकलल्या. नवापर्यंत आणखी चार. एका सायकलवाल्याची सायकल तर त्यांनी उचलून पलीकडे नेऊन ठेवली. त्यांचा घसा बसत आला होता आणि नाक कधी नव्हे इतकं वर गेलं होतं.

दहाच्या सुमाराला आणखी एक गाडी धोंड्यांशी येऊन थांबली. साधीच कडब्याची गाडी. हाकणारा म्हातारा धुळीनं पार माखलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला. मागे पदर घट्ट ओढून एक बाई आणि गाठोड्याला टेकून डोळा लागलेला एक तरणा माणूस. बैल तोंडातून फेस गाळत होते. म्हाताऱ्यानं भिंतीवरची अक्षरं वरपासून खालपर्यंत वाचली. वाचता वाचता त्याच्या मिशा हलल्या, बहुतेक हसला असावा. मग तो म्हणाला, "भाऊ, हे घर..."

"घरच हाये!" शेषराव गरजले. "घर हाये, कोनाच्या बापाचा गोठा नाही! वाचलं ना? मंग हाल ना बे इथून!"

"वाचलं, वाचलं. पन आमी..."

"तुमी कोनीही असा! समद्याइले माह्यंच दार दिसते काय बे? पाह्यलं की किळस येते मले तुमची. खेड्यातून उठाचं आन दुसऱ्याच्या दारात घान कराची!"

म्हाताऱ्यानं बैलांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बरं. गाडी नाही सोडत. बैल लय दमले, भाऊ. एखादी बादली पानी भेटन काय?"

"पानी नदीवर हाये," शेषराव म्हणाले आणि त्यांनी काठी ओट्यावर आपटली. बैल बिचकले. म्हाताऱ्यानं कासरा ओढला. ठेल्यावरची मंडळी आज मात्र हसली नाहीत. पण गाडी एका झटक्यात हलली याचंच शेषरावांना इतकं समाधान वाटलं की ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

साडेदहा झाले, अकरा झाले. पोहे भिजवून झाले. कोकिळा जांभळं लुगडं नेसून आतल्या खोलीत बसून राहिली. बारा वाजले. शेषराव पाहुण्यांवर चिडायला लागले होते, वेळ पाळत नाहीत म्हणून. एक वाजून गेल्यावर उत्तमराव एकटेच आले आणि ओट्याची पायरी न चढता खालीच उभे राहिले.

"पाहुने आले नाही काय?" शेषरावांनी विचारलं.

"आले होते," उत्तमराव म्हणाले. "बाजाराच्या दिवशी मोटरीत उभं राहाले जागा नसते, म्हनून कालच गाडी जुपून निघाले. वाटेत मुक्काम करून आले. तुमच्या दारातून गेले ते. मंग बाजारात भेटले मले. तुमी त्याइले बे म्हनलं, शेषराव."

आत काहीतरी वाजलं. बहुधा रुक्मिणीबाईच्या हातातली परात असावी. शेषराव अनवाणीच निघाले.

भर बाजारात एक गाडी शोधणं म्हणजे काय असतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. जिकडे बघावं तिकडे गाड्या. वखारीच्या भिंतीशी, वडाखाली, शाळेच्या कुंपणाला, जिथं वीतभर जागा मिळाली तिथं माणसं गाडी सोडून बसलेली, आणि सगळे म्हातारे धुळीनं सारखेच माखलेले. शेषराव शेणातून, चिखलातून, कडब्यातून पळत होते आणि प्रत्येक पंचेवाल्याच्या तोंडाकडे निरखून बघत होते. ज्यांना ते अकरा वर्षं बे म्हणत आले होते ती माणसं त्यांना रस्ता सांगत होती. एकानं सांगितलं, "रोहिनखेडची गाडी? ते नळगंगेकडं गेले, भाऊ."

नदीच्या पात्रात, बाभळीच्या फाटक्या सावलीत भगवानराव परतीसाठी बैल जुपत होते. मुलगा चाकाजवळ उभा होता. त्यानं शेषरावांना पाहिलं आणि मान फिरवली. शेषरावांना धाप लागली होती. त्यांना एकदम सोनाळ्याचं दार आठवलं. तिकडे सोयऱ्याची गाडी आली की बाप हातातलं काम टाकून पुढे व्हायचा. पाहुण्याच्या बैलांचं जू घरच्या धन्यानं आपल्या हातानं उतरवायचं अशी रीत होती. त्यांनी पुढे होऊन जुवाला हात घातला.

"सोडा, पाव्हने, गाडी सोडा. म्या सोडतो. घरी चाला. मले मालूम नोतं हो. ते पाटी म्या आजच पुसून टाकतो."

भगवानरावांनी त्यांचा हात जुवावरून काढला. रागानं नव्हे, सावकाश काढला.

"पाटीचं काही नाही, शेषराव. पाटी वाचून त मले हासूच आलं. शहरात जागा नसते, समजते मले. मले बे म्हनलं, तेही जाऊ द्या, म्या काही लाटसाहेब नाही." ते थांबले आणि त्यांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "पन तुमी बैलाइले पानी नाही म्हनलं. आमच्या घरी दहा जनावरं हायेत. पोरगी तुमच्याच घरात वाढली ना?"

भगवानराव गाडीवर चढून बसले. गाडी चढावावर लागली, वळली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. त्यांना आयुष्यात हजार गोष्टींची किळस आली होती. पण इतकी कधीच आली नव्हती, आणि या खेपेला ती त्यांची स्वतःचीच होती. ते वाळूवर बसले आणि खरोखरच ओकले.

घरी परतायला त्यांना बराच वेळ लागला. उत्तमराव निघून गेले होते. रुक्मिणीबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. विचारलं ते कोकिळेनं. लुगडं बदलून, रोजचं नेसून ती दारात उभी होती.

"काय म्हनले ते, बाबा?"

खोटं बोलावं असं शेषरावांच्या मनात आलं होतं. वाटभर त्यांनी दोन-तीन कारणं जुळवूनही पाहिली होती. पण तिच्या तोंडाकडे बघून ते त्यांना जमलं नाही. "बैलाइले पानी नाही पाजलं म्हने आपन," ते म्हणाले. "म्हने, पोरगी त्याच घरची."

कोकिळेनं दाराची फळी बाजूला केली. फळीमागे पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली होती.

"म्या भरून आनली होती," ती म्हणाली. "तुमी वरडले म्हनून इथंच ठेवली."