तात्या मोजणीदारांची चाल

ज्या खेळात सगळे राक्षस मारायला येतात, त्यात तात्या चालायला येत. पळण्याचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. आमची पहिली भेटही तिथलीच, पडद्यावरची. हजारो लोक एकाच वेळी खेळतात असा तो ड्रॅगन आणि जादूगारांचा ऑनलाइन खेळ. मी घोडा दामटत निघालो होतो. वाटेत उभ्या असलेल्या एका दाढीवाल्या बुटक्याने मला अडवलं आणि खाली चक्क मराठी अक्षरं उमटली, "उतर खाली. घोड्यावरनं काय दिसतंय तुला?"

चौकशी केली तर बुटका इंदापूरचा निघाला. मी बारामतीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. पुढच्याच रविवारी एसटीने गेलो. दार शांताकाकूंनी उघडलं. आत खाटेवर तात्या बसले होते, मांडीवर मुलीने दिलेला लॅपटॉप. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मधुमेहात काढावा लागला होता. आयुष्यभर सरकारी मोजणीदार म्हणून साखळी ओढत शिवारं पालथी घातलेला माणूस. मी पायाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "या सर. हितं चालता येत न्हाय, तितं येतंय. एवढंच हाय बघा."

खेळातल्या त्या जुन्या मुलुखाचे नकाशे त्यांनी वह्यांत काढले होते. बंदरापासून उत्तरेच्या खिंडीपर्यंत किती पावलं, कुठल्या ओढ्यावर पूल, कुठल्या वळणावर लांडगे. नवखा खेळाडू दिसला, मग तो कुठल्याही देशाचा असो, की तात्या पुढे चालत त्याला सुखरूप गावात पोचवत. भाषा येत नसे. दोन पावलं टाकून मागे वळून बघत, एवढंच.

दर दोनेक वर्षांनी कंपनी खेळाचा नवा विस्तार काढायची. पहिल्या विस्तारात समुद्रापलीकडे नवा खंड आला आणि जुनी गावं एका आठवड्यात ओस पडली. दुसऱ्यात पाठीवर बसून उडता येईल अशी जनावरं आली. रस्त्यावर कोणी उरलंच नाही. तात्यांच्या तोंडाची चव गेली. "जीपमधनं मोजणी करणारं सायेब बघितल्यात मी. खाली उतरायचं न्हाय, आन् गाव बघितलं म्हनायचं." मी हसलो होतो. माझ्याकडेही तसली दोन जनावरं होती.

तिसऱ्या विस्तारात जुनी जमीनच फोडणार, असं जाहीर झालं. त्याआधीच्या शेवटच्या रविवारी सकाळीच तात्यांचा फोन आला. "सर, एकदा समदं चालू या. बंदरापासनं खिंडीपतोर. चार तास लागत्याल. मला एकट्याला बरं वाटंना."

जेवून आपापल्या घरून खेळात शिरलो आणि निघालो. ते पुढे, मी मागे. कुठे थांबून एखादं झाड दाखवत, कुठे ओढ्याचं नाव सांगत. अर्ध्या वाटेवरच्या पुलाशी आलो आणि खेळातल्या माझ्या टोळीचा निरोप आला: राजधानीवर ड्रॅगन उतरलाय, त्याला मारणाऱ्यांना सोनेरी पंखांचं जनावर, पुन्हा कधीच न मिळणारं. मी लिहिलं, "तात्या, पाच मिनिटांत आलोच." पाच मिनिटांचे दीड तास झाले. मग नव्या विस्तारासाठी खेळ बंद झाला.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "नेट गेलं होतं, तात्या."

"असंल," ते म्हणाले. "जातं कदी कदी."

नवं जग मी त्यांच्या शेजारी बसूनच पाहिलं. बंदर अर्धं बुडालेलं. रस्ता मधोमध चिरलेला, चिरेत लाव्हा उकळत होता, आणि पुलाची दोन टोकं हवेत लोंबकळत होती. वर जनावरांवर बसलेले खेळाडू वाहवा करत घिरट्या घालत होते. तात्या पडद्याकडे वाकले.

"शी! काय घाण करून ठिवली. नकाशा ज्याच्या हातात, त्यानंच बांध कोरला!" बांधकोरा, म्हणजे शेताचा बांध कोरून शेजाऱ्याची जमीन लाटणारा, ही मोजणीदाराची सगळ्यांत वाईट शिवी. लॅपटॉप मिटून त्यांनी तो दोन्ही हातांनी दूर सारला. पुन्हा कधी उघडला नाही. मी मात्र खेळत राहिलो.

त्याच हिवाळ्यात तात्या गेले. भेटायला गेलो तेव्हा शांताकाकू सहज बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्यावर लई जीव हुता. त्या रविवारी पडद्यावर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव आलं, ड्रॅगन मारला म्हून. मला सैपाकघरातनं हाक मारून वाचून दावलं. म्हनलं, 'बघ, आपलं सर जितलं!' मग एकलंच चालत राह्यलं. खिंड काय आली न्हाय. आदीच समदं बंद पडलं."

म्हणजे मी फोनवर नेटचं सांगत होतो, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

काकूंनी चहा पुढे केला. मी कप तसाच खाली ठेवला. इतके दिवस मी कंपनीला, त्या वर घिरट्या घालणाऱ्यांना शिव्या देत होतो. त्या दुपारी इंदापूरच्या त्या खोलीत मला किळस आली ती माझी.