लाउडस्पीकरवरची लढत

बॉक्सिंग क्लबातल्या रिकामटेकड्यांचा वर्षानुवर्षं एकच वाद चाले. जुना चॅम्पियन हातोडा ऐन भरात असताना आजच्या चॅम्पियनसमोर उभा राहिला असता, तर कोण जिंकलं असतं? आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारली नसेल अशी माणसं टेबलावर मुठी आपटून भांडायची. हातोड्याच्या बायकोचं त्यांच्या नावानंच डोकं फिरायचं. रोज सकाळी नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावून मग ती लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला जाई. डोक्यावर खाल्लेल्या ठोशांनी त्याची बोटं आणि आठवण, दोन्ही कामातून गेली होती. त्यावर मात्र कुणी वाद घालत नव्हतं.

क्लबच्या वर्धापनदिनाआधी सेक्रेटरी गोड बोलत दारात आला. "काकू, काकांनी नुसतं पहिल्या रांगेत बसायचं, आजच्या चॅम्पियनच्या शेजारी. आम्ही गंमत म्हणून त्या लढतीचं धावतं वर्णन करणार आहोत."

नवऱ्याचा चेहरा एवढा फुलला, की तिला नाही म्हणवेना. तिथंच चुकलं.

हॉलमध्ये लाउडस्पीकर गरजू लागला. सेक्रेटरी वाचत होता कागदावरून, पण घसा असा ताणून, की जणू समोर खरंच कुणी लढतंय. हातोड्यानं हनुवटी छातीशी घेतली. मुठी वर आल्या, खांदे डुलायला लागले. काय झकास नक्कल करतोय म्हातारा, म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या. ही नक्कल नाही, हे एकट्या तिला कळलं.

"बास करा!" ती ओरडली. त्या गोंगाटात तिचं ऐकतो कोण!

"सातवी फेरी! आजच्या चॅम्पियनचा ठोसा थेट जबड्यावर! हातोडा खाली!"

हातोडा खुर्चीवरून धाडकन फरशीवर पडला. हॉल हसून लोटपोट झाला. सेक्रेटरी आकडे मोजू लागला. तिनं नवऱ्याच्या काखेत हात घालून ओढलं.

"अहो, उठा."

"कसा उठू? तो म्हणतोय मी पडलोय." त्याचे डोळे भरले. "हरलो गं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा स्टेजवर चढली आणि आठाच्या आकड्याला तिनं माइक हिसकावला.

"उठला हातोडा!"

तो उठला.

"काकू, आम्ही असं लिहिलं नव्हतं," सेक्रेटरी पुटपुटला.

"मग खोडा! यांना उभं ठेवता ठेवता माझा जीव मेटाकुटीला आलाय, आणि तुम्ही बसल्या जागी जीभ चालवून पाडता? लाज नाही वाटत?"

हसणं थांबलं होतं, पण ते तिच्या बोलण्यामुळे नाही. हातोडा मुठी उगारून, लटपटत, पुढच्या ठोशाची वाट बघत उभा होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या आजच्या चॅम्पियनची मान खाली गेली.

तिनं नवऱ्याची एकही लढत कधी पाहिली नव्हती, बघवायचंच नाही. फेरी घंटेनं संपते, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं टेबलावरचा स्टीलचा जग उचलला आणि त्यावर माइक हाणला.

हातोड्याचे हात खाली आले. तो मुकाट्यानं खुर्चीत बसला आणि त्यानं पाण्यासाठी तोंड उघडलं. ती जग घेऊन खाली उतरली. माइक तिच्या हातातच होता.

"कितवी झाली?" घोट गिळून त्यानं विचारलं.

"शेवटची," ती म्हणाली, माइक तोंडाशी धरून.