फरशीवाल्या

आमच्या शाळेला मैदान नव्हतं. घाटकोपरला दोन मजली इमारत, तिच्या मागे एक आवार आणि त्या आवाराला शहाबादी फरशी. प्रार्थना त्या फरशीवर, कवायत त्या फरशीवर, आणि शाळा सुटल्यावर आम्हा मुलींचा खो-खोही त्याच फरशीवर, अनवाणी. मार्चमध्ये तळपाय भाजायचे, तेव्हा आमचे खेळाचे सर शिपायाला सांगून दोन बादल्या पाणी मारून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "चला, आता घसरू नका म्हणजे झालं."

खो-खोला दोन टोकांना दोन खांब लागतात. फरशीत खांब पुरणार कुठे? सरांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतून त्यात बांबू उभे केले होते. दिसायला झकास. पण जरा धक्का लागला की डब्यासकट डुलायचे, आणि कुणी धरून लोंबकळलीच तर डबा, बांबू आणि ती पोरगी सगळे एकदम जमिनीवर. हे तिन्ही एकदा खरंच जमिनीवर आले. मी आठवीत होते तेव्हा दहावीतल्या एका मुलीने खांब धरून सूर मारला आणि तिचा पुढचा दात गेला, ओठाला टाके पडले.

हा सूर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि खांब येईपर्यंत मागेही वळता येत नाही. म्हणून पळणारी हुशार असली तर ती खांबाजवळच घुटमळते. तुम्ही अलीकडून आलात की ती पलीकडे, तुम्ही पलीकडे गेलात की ती अलीकडे. अशा पोरीला बाद करायचा एकच उपाय. पळत येऊन एका हाताने खांब धरायचा, अख्खं अंग हवेत झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तिला जिथे लागेल तिथे शिवायचं. मग तुम्ही पडणार हे नक्की. कसं पडायचं, तेवढंच तुमच्या हातात.

दातवालीचे आईवडील शाळेत आले. आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणजे करारी बाई, त्यांच्यापुढे शिपायाचीही सायकल आपोआप सरळ उभी राहायची. पण त्या दिवशी त्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी आम्हाला थांबवून घेतलं आणि सरांसमोर सांगितलं, "यापुढे एकीलाही लागलं, तर मुलींचा खो-खो बंद. कायमचा. मला परत कुणाच्या आईबापाला तोंड द्यायचं नाही."

मुलींचा. मुलांचा नाही! त्याच महिन्यात कबड्डीत एका मुलाचा हात मोडला होता. त्याला प्रार्थनेच्या वेळी प्लास्टर घातलेल्या हातासकट पुढे उभं केलं आणि आम्हा सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या. आता आठवलं की तळहातांची आग होते.

घरी येऊन मी थयथयाट केला. आमची चाळ डोंगरावर, चढ चढून गेलं की आधी धाप आणि मग बोलणं. पण त्या दिवशी मी चढावरूनच बोलत आले असणार. आई तांदूळ निवडत होती. गिरणी बंद पडल्यापासून बाबा एका कारखान्याच्या गेटवर रात्रपाळीला असायचे, ते झोपले होते. म्हणून मी हळू आवाजात ओरडत होते. मोरी ते कॉट असे दोन खांब धरून मी आईला सूर मारणं म्हणजे काय तेही करून दाखवलं. तिने सुपातून डोकं वर काढलं नाही.

"बरा झाला," ती म्हणाली. "माजो घोर गेलो. उद्या हातपाय मोडून घेतलंस तर तुज्याशी लगीन करतलो कोण?"

आई मालवणकडची. बाहेर ती शुद्ध बोलायची, घरात आणि रागात मालवणी; मग पोरगी म्हणायचं सोडून ती मला 'चेडू' म्हणायची. आणि जिंकायची हौस कुणाकडून आली असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, आमच्या चाळीच्या नळावर येऊन बघायला हवं होतं. रांगेत घुसलेली बाई आईच्या पुढे पाणी भरून गेली, असं मी कधी पाहिलं नाही. एकदा एकीचा हंडा तिने नुसता उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि येऊन आपला लावला. पण स्वतःच्या पोरीने पळापळ करावी, हे तिला नको होतं.

तर आम्ही सूर न मारणारा संघ झालो. सरांनी बाईंना शब्द दिला होता. स्पर्धेत मुलुंडच्या एका शाळेशी गाठ पडली. त्यांना स्वतःचं लाल मातीचं मैदान, पक्के पुरलेले खांब. त्यांची एक उंच, दोन वेण्या वर बांधलेली मुलगी शेवटी राहिली आणि खांबाला बिलगून वेळ संपेपर्यंत उभी राहिली. मी चार वेळा तिच्यासमोरून पळत गेले. ती मला बघून हसत होती. तिला माहीत होतं की आम्ही झेप घेणार नाही. सामना संपल्यावर हात मिळवताना म्हणाली, "फरशीवाल्या, या पुढच्या वर्षी."

सर म्हणाले, "जाऊ दे. हरलो तरी चालेल."

हरलो तरी चालेल! काय चालेल? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रडण्याचं नव्हतं. माझी मैत्रीण, आमची कप्तान, कोळ्यांची पोर. बसस्टॉपवर मला म्हणाली, "ए, तुला खांब धरायची भीती वाटते की पडायची?"

मी म्हटलं, "खांबाची. पडेन गं, पण तो माझ्या अंगावर पडणार नाही असा खांब तर पाहिजे."

"मग माझ्या मामाकडे चल."

तिचा मामा खारदांड्याला. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही बसा बदलत तिथे गेलो. किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या होत्या, म्हणजे वाळूत बांबू रोवून त्यावर आडवे दोर बांधायचे आणि त्यांवर बोंबील जोडीजोडीने टांगायचे. ते बांबू चांगले खोल पुरलेले. समुद्राचा वारा त्यांना हलवू शकला नाही, तर माझ्यासारखी काडी काय हलवणार? मैत्रीण एका टोकाच्या बांबूपलीकडे उभी राहिली आणि मी पळत येऊन तो धरला. पहिल्या वेळी मी नुसती त्याला मिठी मारून उभी राहिले. तो हललाच नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याला परत मिठी मारली.

मग सुरू झालं. धर, झेप, पड. वाळू मऊ, कसंही पडलं तरी लागायचं नाही. मी कधी छातीवर पडायचे, कधी कुशीवर, बहुतेक वेळा कोपरावर. तिची मामी लांबून ओरडायची, "अगो पोरींनो, ती वलांडी बोंबलांची हाय, तुमच्या आंगाची नाय!" पण जेवायला थांबवून घ्यायची आणि निघताना सुके बोंबील बांधून द्यायची. त्यानंतर बरेच रविवार आम्ही तिथेच होतो. त्या दोन वेण्यांच्या मुलीबद्दल आईने माझ्याकडून दहादा ऐकलं होतं, पण रविवारचं मी मैत्रिणीच्या मामाकडे जाते एवढंच सांगायचे. बोंबील बघून तिचं तोंड बंद व्हायचं. एकदा फक्त माझे केस विंचरताना म्हणाली, "बोंबील आणूक गेल्लंस काय वाळू?"

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत, अंतिम सामन्यात परत त्याच मुलुंडवाल्या आल्या. मैदानही त्यांचंच. आम्ही मैदानात शिरताना कुणीतरी म्हणालंच, "आल्या फरशीवाल्या." सामना सुरू होण्याआधी सरांनी आम्हाला गोल उभं केलं. "नीट ऐका. सूर मारायचा नाही. मी बाईंना शब्द दिलाय. एकीला जरी लागलं तरी पुढच्या वर्षी या पोरींना," सरांनी बाजूला पाण्याचं पिंप धरून उभ्या असलेल्या सातवीच्या मुलींकडे बोट केलं, "खेळायला मिळणार नाही. समजलं?"

आम्ही समजलं म्हणालो.

शेवटच्या डावात गुण बरोबरीत आले. त्यांची एकच गडी राहिली होती, तीच, दोन वेण्यांची. तिला बाद केलं की सामना आमचा. नाहीतर जादा डाव, आणि आमच्यात जादा डावाचा जीव उरला नव्हता. ती सरळ खांबाकडे गेली आणि उभी राहिली. गेल्या वर्षीसारखीच, तेच हसू. मैत्रीण तिच्यामागे होती. ती माझ्या पाठीशी आली, पाठीवर थाप मारली आणि "खो" म्हणाली. नुसतं खो. पण मला तिच्या आवाजावरून कळलं.

मी उठले आणि पळाले. सर बाहेरून काहीतरी ओरडले. ते ऐकायला मी थांबले नाही, खोटं कशाला बोलू. ती मुलगी खांबापलीकडे मला बघत होती, मी वळेन म्हणून वाट बघत. मी खांब धरला. तो हलला नाही. मी अंग झोकून दिलं आणि माझी बोटं तिच्या पोटरीला लागली, घामाने ओली पोटरी. मग मी खाली आले. कोपरावर.

लाल माती म्हणजे वाळू नव्हे. कोपर टेकलं आणि खांद्याच्या वर, गळ्याजवळ, काहीतरी काडकन वाजलं.

पंचांनी शिट्टी मारून हात वर केला. आमच्या पोरी किंचाळत माझ्या अंगावर येत होत्या. मैत्रिणीने माझं तोंड बघितलं आणि मध्ये हात पसरून उभी राहिली, "थांबा थांबा, तिला श्वास घेऊ द्या!" सर आले. त्यांचं तोंड पांढरंफटक.

"लागलं?"

"नाही सर."

"हात वर कर बघू."

मी उजवा हात वर केला. लागला होता डावा. सर माझ्याकडे बघत राहिले. मग सातवीच्या पोरींकडे बघितलं, त्या पिंप सोडून नाचत होत्या. सरांनी डाव्या हाताचं नाव काढलं नाही. ढाल मैत्रिणीनेच घेतली. त्या दोन वेण्यांच्या मुलीने हात मिळवला, पण माझा हात न हलवता नुसता धरला आणि हळूच विचारलं, "दुखतंय का गं?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. मुलुंडहून बसने येताना मैत्रीण माझ्या डाव्या बाजूला बसली आणि कुणाचाही धक्का माझ्यापर्यंत येऊ दिला नाही.

घरी मी सांगितलं, "नळावर घसरले."

आईने माझा फ्रॉक खांद्यावरून उतरवला. कोपर सोललं होतं आणि त्यात लाल माती भरली होती. कानातही होती. आमच्या नळावर शेवाळ आहे, सांडपाणी आहे, तिथे लाल माती कुठून येणार? आईने ओल्या फडक्याने ती सगळी पुसून काढली, कानातली पण. मी दात आवळून बसले होते. मला वाटलं आता बोलेल, मग बोलेल. तिने फडकं पिळून वाळत घातलं, साडी बदलली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं कशी पडली, तेव्हा आईच म्हणाली, "नळावर."

दोन दिवसांनी बाईंनी पालकांना बोलावलं. माझा खांदा पट्ट्यांनी आवळलेला, तो लपणार कसा? आई नवी साडी नेसून आली. बाईंच्या टेबलावर आमची ढाल होती. सर कोपऱ्यात उभे, नजर खाली. माझ्या एका हाडावर शाळेतल्या सगळ्या पोरींचा खेळ टांगला होता, आणि तो आता माझ्या आईच्या हातात होता, ज्या आईला तो कधीच नको होता. "माजो घोर गेलो" हे मी विसरले नव्हते.

बाई म्हणाल्या, "मला खरं सांगा. खेळताना लागलं का हिला?"

"खेळताना?" आई हसली. अगदी मोकळं हसली. "अहो बाई, ही घरात पाण्याचा तांब्या उचलत नाही, खेळून मोडून घ्यायला हिच्यात कुठला आलाय जोर! नळावर पडली. शेवाळ झालंय, किती दिवस सांगतेय चाळीत, कुणी ऐकेल तर शपथ. मी होते ना तिथे. माझ्यासमोर पडली."

बाईंनी सरांकडे बघितलं, मग ढालीकडे, मग परत आईकडे. आई जशी रांगेत उभी राहायची तशीच उभी होती. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. काळजी घ्या तिची."

मी आईला गेटपर्यंत सोडायला गेले. मागे आवारात सातवीच्या पोरी फरशीवर बसून खो द्यायला शिकत होत्या. आई जराशी थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. मग पदर खोचला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,

"मगे? बाद झाला मां ता चेडू?"

"झालं," मी म्हटलं.

"मगे ठीक आसा." ती निघाली, चार पावलं गेली आणि वळली. "फुडच्या टायमाक कोपरार पडू नको."