वरून ओतलेलं पाणी

"वहिनी, वरून ओता. बाटलीला हात लागू देऊ नका त्याचा."

दादा असं म्हणाला आणि माझा हात थांबला. दादा म्हणजे नवऱ्याचा मॅनेजर. नेदरलँड्समधल्या द हेगच्या किनाऱ्यावर आम्हा चार मराठी कुटुंबांची सहल होती. उन्हात रिकाम्या बाटल्या गोळा करणारा एक आफ्रिकन तरुण समोर उभा होता, मागे त्याचे दोन सोबती. "वॉटर, प्लीज, सिस्टर," एवढंच तो म्हणाला होता.

मी पाणी ओतेना. दादाने बाटली हिसकावली आणि स्वतःच धार धरली. त्या तरुणाला आधी काही कळेना. मग त्याने ओंजळ पुढे केली.

ती ओंजळ माझ्या ओळखीची. आई ज्या घरांत धुणीभांडी करायची, तिथे तिला पाणी असंच मिळायचं. मलाही. ओंजळीने पिताना मान खाली जातेच. देणाऱ्याला तेच बघायचं असतं.

निम्मं पाणी वाळूत जात होतं. त्याने बाटली धरायला हात वर नेला. बोटांना बोटं लागली. दादाने फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. तो पडला. पोटात लाथ. मग तोंडावर. ओठ फाटला, वाळू लाल झाली. आमच्यातले दोन पुरुष मदतीला धावले. दादाच्या! सोबत्यांनी मुठी आवळल्या, पण हात उचलला नाही. "नो पोलीस, प्लीज. वी हॅव नो पेपर्स." त्यातला एक हात जोडत होता. दादाने हसत फोन लावला.

माझं डोकं फिरलं. मी मधे घुसले आणि दादाला दोन्ही हातांनी ढकललं. तो पुरीभाजीच्या डब्यांवर आपटला. सोबत्यांनी तेवढ्यात त्या तरुणाला उचललं आणि ते पळाले.

"शेवटी जात दाखवलीसच!" दादा उठत ओरडला. वहिनी-वहिनी करणारा एका क्षणात एकेरीवर आला.

नवरा त्यांच्याच जातीचा, पण माझी जात मी या मंडळींना कधी सांगितली नव्हती. पण कुणालाच नवल वाटलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. या लोकांच्या घरी मला एकटीलाच चहा कागदी कपात का मिळायचा, ते तेव्हा कळलं. मी मूर्ख. मला वाटायचं, पाहुणी म्हणून माझं कौतुक चाललंय.

पोलीस आले. "त्या लोकांनी आमच्यावर हल्ला केला," दादा त्यांना इंग्रजीत म्हणाला. नवऱ्याची बोटं माझ्या दंडात रुतली.

"गप्प बस, पाया पडतो तुझ्या. नोकरी गेली तर इथे राहायचं परमिटही जाईल गं."

मी हात सोडवून घेतला आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाले, "खोटं आहे. यानेच मारलं. मी पाहिलंय."

उद्या जबाबाला बोलावलंय. नवऱ्याने अबोला धरलाय. धरू दे. परमिट जाणार असेल तर तेही जाऊ दे. मी जाणार. लाथा कुणी घातल्या ते सांगणार, का घातल्या तेही सांगणार. जात म्हणजे काय हे त्या पोलिसाला कळत नसेल, तर कळेपर्यंत सांगणार.

ते तिघे कुठल्या दिशेला पळाले, हे मात्र माझ्या तोंडून कुणी काढू शकणार नाही.